गोल डब्यांचे सुतारकाका

सुतारकाकांकडे पार्सल आलं की ते आधी कानाशी धरून हलवलं जायचं. आत किती खुळखुळतंय त्यावरून "स्प्रिंग मेलीय" किंवा "माल चांगला हाय" असा निकाल लागायचा आणि मगच खोकं फोडायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घड्याळ असेल. निघालं ड्रम मॅगझिन, म्हणजे रायफलीला खालून लावायचा, गोळ्या भरायचा गोल डबा.

मी तेव्हा न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला शिकत होते आणि हिल्सबरोतल्या त्यांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली होती. काका मूळचे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, साचे बनवणारे कारागीर. इथल्या कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले. रायफल म्हणाल तर सशांवर चालवायची एकच, लायसन्सची, कपाटात कुलूपबंद. डबे मात्र अमेरिकेतून, फिनलंडहून, कुठून कुठून मागवलेले चौदा. तेव्हा ते उघड विकत घेता यायचे. काका ते खोलायचे, पुसायचे, तेल देऊन पुन्हा जोडायचे. गोळी एकातही कधी भरली नाही. "बंदूक काय, कुणीबी करंल. हे फिरतंय न्हवं, ह्याला डोकं लागतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालनकाकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "लोकं रिटायर झाल्यावर भाजी लावतात." काकांना ते कधीच ऐकू यायचं नाही.

मग ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये नमाजाला जमलेली माणसं मारली गेली आणि कायदा बदलला. असे डबे बाळगणं गुन्हा ठरलं, जमा करायला मुदत मिळाली. काका तीन दिवस धड जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला. एवढी माणसं गेली, आणि हे डब्यांचं सुतक धरून बसलेत. पण मुदतीत ते रांगेत उभे राहिले आणि सगळे डबे देऊन आले. निदान आम्ही तसं समजत होतो.

पुढे मला नोकरी लागली, मी फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहायला गेले, तरी खंडेनवमीला काकांकडे जाणं चुकवलं नाही. पाटावर वर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, हातोडे मांडलेले असत. झेंडू मिळाला नाही की अंगणातली कॅलेंड्युलाची फुलं. शेजारच्या फरीदाबेन, मूळच्या फिजीच्या, दरवर्षी शिरा खायला यायच्या. एका वर्षी त्या अशाच बशी घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. मी नमस्काराला वाकले आणि हातोड्याशेजारी तो काळा गोल डबा दिसला. त्याला हळदकुंकू लावलेलं.

"काका, हा कुठून आला?" मी हळूच विचारलं.

"ह्यातली चकती मी सोता घडवलीय. सहा म्हैने लागले. हातचं काम कसं दिऊ?"

"तुरुंगात घालतील तुम्हाला."

"सांगतंय कोण?"

काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी घाईने डब्यावर दोन फुलं सरकवली, तोवर फरीदाबेन पाटाजवळ आल्या होत्या.

"ई का है, भैया?"

पंपाचा भाग आहे, असं मी सांगणारच होते. पण यंत्राबद्दल खोटं बोलणं काकांना जमतच नव्हतं. त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या मोडक्या हिंदीत स्प्रिंग, चकती, ती कशी फिरते, सगळं सांगून झालं. फरीदाबेन शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "इसमें कितना गोली जाए?"

"पचहत्तर."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि काका थांबले. फरीदाबेननी अर्धी बशी टेबलावर ठेवली. "अच्छा," एवढंच म्हणाल्या, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि गेल्या.

फरीदाबेन पोलिसांना कळवतील का, हे विचारायचं धैर्य आम्हा तिघांपैकी कुणाला नव्हतं. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की काकू पडदा बाजूला करून बघायच्या. शेवटी त्या म्हणाल्या, "हिच्या गाडीतनं नेऊन खाडीत टाका ते." माझ्या हातात किल्ली होती. खरं सांगते, मी निघालेही असते.

काका उठले नाहीत. "पंच्याहत्तर म्हणलो तवा तिचं तोंड बघितलंस?" त्यांनी मला विचारलं. "एवढी वर्सं फिरतंय कसं, तेच बघत बसलो गं. फिरतंय कशापायी, ते एकदाबी मनात आलं न्हाई."

मग त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला. नाव, पत्ता, हळूहळू, दोनदा सांगितलं.

दोन अधिकारी आले. काका डब्यावरचं कुंकू पुसायला लागले, तर त्यातला एक म्हणाला, "लीव्ह इट, मेट." डबा कुंकवासकट पिशवीत गेला. स्वतःहून कळवलं म्हणून खटला झाला नाही, पण लायसन्स गेलं, रायफलही गेली. काकांनी हुज्जत घातली नाही. मला मात्र त्या रात्री घरी जाऊन खूप रडू आलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मधल्या दोन्ही खंडेनवम्यांना ते फरीदाबेनना बोलवायला स्वतः गेले होते. दोन्ही वेळा त्या दारात उभ्या राहून गोड बोलल्या, तब्येत विचारली आणि आल्या नाहीत. दुसऱ्या वेळी मी कुरकुरले, की आता तरी यायला काय हरकत आहे.

"बरोबर हाय तिचं," काका म्हणाले. "बोलवायचं आपलं काम. तिनं यायलाच पायजे असं न्हाई."