ओवाळणीतला अर्ज

सरकारला वर्ष झालं आणि आमच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर जो तो मास्तर झाला. कुणी काठावर पास करतंय, कुणी सरळ नापास. मी जालन्यात एका सरकारी ऑफिसात कारकून, माझं टेबल तक्रार अर्जांचं, त्यामुळं टपरीवर माझा वट. "उगं बोंबलू नका," मी कप आपटून म्हणायचो, "वर या, स्क्रीनवर दाखवतो. शंभर टक्के अर्ज निकाली!" लोक गप बसायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता हे 'निकाली' म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं न्हाई. गावात दिवे न्हाईत असा अर्ज आला, की तो विजेच्या खात्याकडं पाठवायचा आणि आपल्याकडं 'निकाली'वर क्लिक करायचं. दिवे लागले का, ते विचारणं आमचं काम न्हाई. कागद आपल्या टेबलावरून उठला, विषय संपला. मी नोकरीला लागल्यापासून असंच चालू आहे, सरकार कुणाचंही असो. नवीन एवढंच, की आता क्लिक केलं की अर्जदाराच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, धन्यवाद.

वर्षपूर्तीचा अहवाल जायचा होता. एकही अर्ज प्रलंबित दिसायला नको म्हणून साहेबांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. सकाळपासून मी भराभरा अर्ज उडवत होतो. जेवणाच्या सुट्टीआधी स्कॅन केलेला एक कागद स्क्रीनवर उघडला आणि हात थांबला. अक्षर माझंच होतं.

भाऊबीजेला अक्काकडं गेल्तो. धावड्याच्या पुढं, रानात वस्ती आहे तिची. ओवाळून झाल्यावर ताटात साडी ठेवली तर तिनं ती बाजूला सारली. "साडी राहू दे, भाऊ. ओवाळणीत मला एक अर्ज लिहून दे. बराबर, सरकारी भाषेत." सकाळची एसटीची गाडी बंद झाल्ती. माझी भाची भोकरदनला अकरावीत. गाडी न्हाई म्हणजे जीपच्या मागच्या फळीवर लटकून जायचं, आणि ते दाजींना बिलकुल मंजूर न्हाई. दाजी एकदा बोलले की बोलले: "संक्रांतीपर्यंत गाडी सुरू झाली तर ठीक. न्हाईतर बस घरी आईसंगं." भाची बशीतल्या करंजीचा चुरा करत बसल्ती. एक घास खाल्ला न्हाई पोरीनं.

कपाळावरचं कुंकू ओलं होतं तवाच मी अर्ज लिहिला. खाली अक्काची सही घेतली, तालुक्याच्या तक्रार शिबिरात नेऊन द्या म्हणालो. वर छाती फुगवून हेही बोललो, "काळजी कशाला? मामा बसलाय न तिथं!"

आणि आता मामा तिथंच बसला होता. साहेब पाठीमागं येऊन उभे. "काय अडलं?"

"काही न्हाई सर," म्हणालो आणि क्लिक केलं. संबंधित विभागाकडे वर्ग. निकाली.

पुढं तर पाठवलाय, आज ना उद्या होईल, अशी मनाची समजूत घातली. पण डबा उघडवला न्हाई. घरी बायकोनं कारण विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन. आवाजात नुसता आनंद. "भाऊ, केलंस रे बाबा काम! मेसेज आला. ह्यांनीपण वाचला. पोरगी नाचून राह्यली! गाडी किती वाजता यायची, तेवढं सांग."

"बघतो," म्हणालो. सख्ख्या बहिणीला खरं सांगायची हिंमत झाली न्हाई, माझीच मला शरम वाटली. डेपोत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, असा अर्ज अजून आमच्यापर्यंत आलाच न्हाई. त्या दिवसापासून मी टपरीवर जायचं बंद केलं. खुर्चीत बसवेना. सारखा उठून खिडकीपाशी जायचो, परत यायचो.

आठवडाभरानं न राहवून मीच अक्काला फोन केला. ती म्हणाली, "येऊन राह्यली की गाडी! पोरगी रोज जाती कॉलेजला."

मी उडालोच. पुन्हा डेपोत फोन. "कोणती गाडी, साहेब? तिकडं एकही नवीन गाडी सोडलेली न्हाई." मग माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तसाच निघालो आणि मुक्कामाला अक्काकडं पोचलो.

शनिवारी सकाळी भाचीसंगं फाट्यापर्यंत चालत गेलो. वस्तीपासून अर्ध्या तासाची वाट. थंडी कडाक्याची, पोरगी स्कार्फ गुंडाळून पुढं पुढं चाललेली. फाट्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"गाडी कवा येती गं?" मी विचारलं.

"येतच न्हाई, मामा."

"मंग तू रोज जाती कशी?"

तिनं रस्त्याकडं बोट केलं. जीप येत होती, आत माणसं कोंबलेली, मागच्या फळीवर दोघं लटकलेले. "पहिले दोन दिवस मी गाडीची वाट बघितली. मंग म्हटलं, बाबानं मेसेज तर वाचलाय. गाडी येती म्हणून सांगून टाकलं घरी."

"अगं पडली बिडली म्हणजे!" मी ओरडलोच. "तो मेसेज खोटा आहे. मीच पाठवलाय तो, कळलं का? माझ्या ह्या हातानं!"

मला वाटलं, ती आता रडणार. पण जीप थांबल्ती. तिनं बॅग पुढं घेतली, ओढणी कमरेला घट्ट बांधली. "मामा, हात जोडते, बाबाला सांगू नका. तो मेसेज हाये म्हणून तर मी कॉलेजात हाये." आणि फळीवर एक पाय ठेवून, वरचा गज धरून ती उभी राह्यली. जीप निघाली. वळणापर्यंत तिचा निळा स्कार्फ दिसत होता.

वस्तीवर परत आलो तर दाजी अंगणात चहा घेत बसलेले. अक्कानं माझ्या हातात कप दिला.

"आली का गाडी?" दाजींनी विचारलं.

पोरीचा गजाला धरलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"आली," मी म्हणालो. "बराबर टायमात."

दाजींनी समाधानानं मान हलवली. "चला, लोक काहीही म्हणू द्या, वर्षभरात आपलं एक काम तर केलं या सरकारनं."