ओटमार श्वेग्लरचा एक चांगला शब्द

ओटमार श्वेग्लरने सगळी नोकरी लोकांच्या मोटारींतले दोष काढण्यात घालवली. मोटार तपासणी केंद्रात गाडी वर उचलली जायची, ओटमार हातातली बॅटरी पेटवून तिच्या पोटाखाली शिरायचा आणि मालक बाहेर टोपी हातात धरून, बायको बाळंतीण होत असल्यासारखा येरझारा घालायचा. मग ओटमार हात पुसत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "हं." त्या 'हं'च्या लांबीवर सगळं अवलंबून असे. गाडी खरोखरच उत्तम असेल तर तो म्हणायचा, "सध्या चालेल." असं सर्टिफिकेट मिळालेला माणूस पुढे महिनाभर खानावळीत त्याची टिमकी वाजवत हिंडायचा.

निवृत्त झाल्यावर बॅटरी कपाटात गेली, पण डोळे कुठे जाणार? बेकरीची पायरी तिरकी आहे, शेजाऱ्याच्या कुंपणाचा तिसरा खांब हलतो, पाद्रीबुवांचं प्रवचन मधल्या भागात खडखडतं. हे सगळं तो ज्याचं त्याला तोंडावर सांगत असे, आणि ऐकणारेही मान डोलवून पायरी नाहीतर खांब दुरुस्त करायला लागत. पाद्रीबुवांनी तर मधला भाग खरंच कमी केला.

आता कोणाला वाटेल, हा माणूस कडू. मुळीच नाही. जर्मनीच्या दक्षिणेकडच्या आमच्या श्वाबेन मुलखात स्तुती हा प्रकारच कोणी घरात ठेवत नाही. पानात वाढलेलं माणूस खातो, यात काय ते आलं. त्याची बायको ट्राउडे दर शरद ऋतूत आलुबुखारचा केक करते. लग्न झालं त्या वर्षी पहिला घास घेऊन ओटमार म्हणाला होता, "खाता येतं." ट्राउडेला इतका आनंद झाला की तिने लगेच बहिणीला फोन लावला. त्यानंतर त्याने ते पुन्हा म्हटलेलं नाही, कारण केकमध्ये काही बदल झालेला नाही.

पंचाईत झाली ती सुनेमुळे. विब्के होती कीलची. कील म्हणजे देशाचं पार वरचं टोक, त्याच्यापुढे नुसता समुद्र. तिकडची माणसं साधं अंडं उकडलं तरी 'वा, काय सुरेख' म्हणतात. तिथली ही मुलगी, हाताला उत्तम चव असलेली स्वयंपाकीण, ओटमारच्या युर्गशी लग्न करून इथे आली आणि गावातल्या एका खानावळीत चुलीपुढे उभी राहिली. लग्नाच्या दिवशी ओटमारने स्वतःहून तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "मला ओटमार म्हण. अहो-जाहो नको, तू म्हण." तो त्याच्या तोंडून तिच्यासाठी निघालेला शेवटचा गोड शब्द.

एका रविवारी तिने धाडस करून माउलटाशन केले होते. पालक-खिमा भरलेल्या पिठाच्या त्या चौकोनी पिशव्या परक्या मुलखातल्या बाईने आमच्यासमोर ठेवायच्या म्हणजे छाती लागते. ओटमारने दोनदा मागून घेतले, बशी पावाने पुसून घेतली आणि म्हणाला, "पारी जरा जाड." घरी परतताना मात्र गाडीत तो ट्राउडेला म्हणाला, की आईच्या हातचेसुद्धा असे होत नसत.

"मग तिला सांगायचंस ना," ट्राउडे म्हणाली.

"सांगायचं काय? खाल्ले की मी."

तर अशी चार वर्षं गेली आणि त्या शनिवारी सकाळी ट्राउडेने कॉफीचा कप त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवला. कीलच्या एका हॉटेलने विब्केला अख्खं स्वयंपाकघर सांभाळायला बोलावलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं, आणि ती जाईल तिथे युर्ग जाणार हे उघडच होतं. विब्केने फोनवर सासूला सांगितलं होतं की मन अजून ठरत नाहीये, पण तिकडे निदान कोणीतरी म्हणेल की पोरी, बरं करतेस. इथे सासऱ्याला चार वर्षांत तिची एकही गोष्ट आवडली नाही.

 ओटमार पावाला लोणी लावत होता, ते लावतच राहिला. ती पोर त्याला पोटच्या मुलीसारखी होती. गल्लीतून ट्रेलर एका दमात मागे घेणारी सगळ्या नात्यागोत्यात ती एकटीच, आणि रविवारी ती आली नाही तर त्याला जेवण बेचव लागायचं. पण हे तिला कसं ठाऊक असणार? त्यानेच ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

ट्राउडेने फर्मान काढलं. राजवाड्याच्या बागेतल्या भोपळ्यांच्या जत्रेत यंदा सुपाचा ठेला विब्केकडे होता. आज तिथे जायचं, सूप प्यायचं आणि स्तुती करायची.

"आणि 'खाता येतं' चालणार नाही," ती म्हणाली. "छान म्हणायचं. तोंडाने. ऐकू येईल असं."

"लोकांसमोर?"

"लोकांसमोर."

बागेच्या दारात वर्षाचा पास दाखवताना ओटमारचा चेहरा दात काढून घ्यायला निघाल्यासारखा होता. कुठल्याशा ड्यूकने फ्रान्सच्या राजाला खिजवायला हा एवढा पिवळा राजवाडा बांधला, आणि आता दर शरदात त्याच्या कारंज्यांभोवती आम्ही भोपळे मांडतो. नारिंगी, हिरवे, पांढरे, चामखिळींचे, बाटलीसारखे, पगडीसारखे. गवताच्या गठ्ठ्यांवर रचून यंदा त्यांचा एक देवमासा केला होता, घराएवढा. ओटमार त्याच्याभोवती एक फेरी मारून आला आणि शेपटी डावीकडे झुकलीय असं म्हणाला. झुकलीच होती. ट्राउडेने त्याला कोपराने ढोसलं आणि सांगितलं, की असा जाशील तर ठेल्यापाशी तोंडातून काय निघेल देव जाणे. आधी दुसऱ्या कोणावर तरी सराव करून घे.

कारंज्यापलीकडे मोठ्या भोपळ्यांचं वजन चाललं होतं. एका प्रचंड भोपळ्याशेजारी त्याचा मालक हेर बाइश, म्हणजे श्रीयुत बाइश, बगलेत घोंगडी धरून उभा होता. भोपळा गालिच्यावर बसलेल्या सरदारासारखा पसरला होता. ओटमार जवळ गेला, घसा खाकरला आणि टोपी काढून म्हणाला, "सुंदर भोपळा आहे."

हेर बाइशने आधी ओटमारकडे पाहिलं, मग भोपळ्याकडे.

"का?" त्याने विचारलं.

"नाही, म्हणजे... चांगला आहे."

हेर बाइशच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने घोंगडी खाली टाकली, गुडघ्यांवर बसला आणि भोपळ्याच्या बुडाखाली हात घालून चाचपायला लागला. भोपळ्याला आतपर्यंत चीर गेली असेल तर स्पर्धेतून बाद करतात. त्याने देठ तपासला, पाठ ठोकून पाहिली, मग बायकोला हाक मारली आणि दोघं दोन बाजूंनी कान लावून ऐकत बसली. तुम्हाला काय दिसलं ते सरळ सांगा, असं तो परत परत म्हणत होता. शेवटी ओटमारने सांगितलं, की रंग एका बाजूला फिका पडलाय. हेर बाइशचा जीव भांड्यात पडला. तो उठला, गुडघे झाडले आणि हसून म्हणाला, की त्या बाजूला ऊन लागत नाही हो.

"बघितलंस?" ओटमार ट्राउडेला म्हणाला. "लोक घाबरतात."

"तो इथला आहे. विब्के तिकडची आहे, तिला कळेल."

सुपाच्या ठेल्यापाशी ही रांग. विब्के डोक्याला रुमाल बांधून मोठ्या पातेल्यातून वाढत होती, वरून भाजलेल्या बिया आणि हिरव्या तेलाची धार. सासू-सासऱ्यांना रांगेत पाहून तिने डाव हलवून ओळख दिली, पण वेळेआधी काही वाढलं नाही. ही शिस्त ओटमारला फार आवडली. तेही त्याने कोणाला सांगितलं नाही.

वाडगा हातात आल्यावर तो बाजूच्या उंच टेबलापाशी उभा राहिला. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. आलं किंचित पुढे येत होतं, मागून भोपळ्याचा गोडवा, आणि मग घशात एक ऊब उतरत गेली. त्याला एकदम वाटलं, ही पोर गेली तर आपण म्हातारे होऊ. वाडगा संपवून तो ठेल्याच्या फळीपाशी गेला. ट्राउडे मागे उभी राहिली, तो पळालाच तर धरायला.

"विब्के," तो म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा लागला, रांगेतली माणसं वळली. "सूप छान झालंय. अगदी छान."

विब्केचा डाव हवेत थांबला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग शांतपणे डाव पातेल्यात बुडवला आणि स्वतः चव घेतली. पुन्हा घेतली. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि रांगेला म्हणाली, की जरा थांबा. रांगेत कुजबूज सुरू झाली. नुकताच वाडगा घेतलेल्या एका बाईने तो नाकाशी नेऊन वास घेतला आणि हळूच फळीवर ठेवून दिला.

"ओटमार, तुला बरं वाटत नाहीये का?" विब्केने खालच्या आवाजात विचारलं.

"मला? ठणठणीत आहे."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"कशाला जाऊ? सूप छान आहे म्हणतोय मी."

विब्केचा चेहरा उतरला. तिने हात पुसले, फळीवर टेकवले. "मला चार वर्षं झाली इथे," ती म्हणाली. "इथे माणसाचं कौतुक कधी होतं ते आता मला ठाऊक आहे. निवृत्त होतो तेव्हा, आणि पुरतात तेव्हा. म्हणजे आम्ही जावं, असं तुमचं ठरलंय. सरळ सांगायचं होतंस. निरोप कशाला दिलास असा?"

ट्राउडेने कपाळाला हात लावला.  तोंडाने, ऐकू येईल असं, लोकांसमोर, सांगितलेलं सगळं ओटमारने बरोबर केलं होतं, आणि आता ती पोर डोळे भरून समोर उभी होती. जन्मात एकदा दोष न काढता बोललो तर हा असा अपघात झाला. त्याचे कान लाल झाले, आणि मग त्याला राग आला. स्वतःचा, बायकोचा, कीलचा, सगळ्यांचाच. त्याने रिकामा वाडगा फळीवर आपटला.

"आलं जास्त आहे," तो म्हणाला.

विब्केने मान वर केली.

"आलं जास्त आहे आणि बिया कच्च्या आहेत. अजून दोन मिनिटं तव्यावर ठेवायच्या. हे वाडगे खाली चटका देतात, माणसाने धरायचं कुठे? आणि ठेला उन्हाच्या तोंडावर लावलाय, वाढणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन, घेणाऱ्याच्या मानेवर ऊन. पुढच्या वर्षी पलीकडे घे, त्या झाडाखाली. ही फळीसुद्धा हलतेय. पुढच्या वर्षी फळी मी करून देतो, ओकची. आणि आलं निम्मं घाल."

एवढं बोलून त्याला दम लागला. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली आणि म्हणाला, की फळी हलते खरी. वाडगा ठेवून दिलेल्या बाईने तो परत उचलला. दोष कळले होते, आता भीती नव्हती.

विब्के त्याच्याकडे बघत राहिली. "पुढच्या वर्षी?" तिने विचारलं.

"मग काय! यंदाची तर लागलीच आहे फळी."

तिने चेहरा दुसरीकडे वळवला. रुमाल सारखा करायला म्हणून हात वर गेला तो थोडा वेळ तिथेच राहिला. ओटमारला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडवलं आपण. पण तिने पातेल्यावरचं झाकण काढलं, डाव घेतला आणि रांगेतल्या म्हाताऱ्याचा वाडगा भरला. मग सासऱ्याकडे न बघताच, कोणाही श्वाबेनच्या बाईने बोलावं तशा ठसक्यात ती बोलली.

"बिया भाजते. फळी तुझी तू कर. आलं मात्र एवढंच राहील. पुढच्या वर्षीसुद्धा."

ट्राउडेने पर्स उघडून रुमाल शोधायला सुरुवात केली. ओटमारला इतका आनंद झाला होता की तो त्या गर्दीत नाचलासुद्धा असता, कसं नाचतात ते ठाऊक असतं तर. तो म्हणाला, "बघू." मग वाडगा उचलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.