मेमरीच्या पट्टीला हळदकुंकू

आमच्या घरातला संगणक मी दुरुस्त केला, तेव्हा तो बिघडलेला नव्हता.

तो फक्त हळू होता. किती हळू? बटण दाबून मी दाढी करायचो, आंघोळ उरकायचो आणि बाहेर येऊन बघावं तर पडद्यावर ते चाक आपलं फिरतंच आहे! त्यावर काम असं कुणाचंच नव्हतं. फक्त अण्णा, म्हणजे माझे वडील (जन्म मनमाडला रेल्वेत काढला, आता पंचवटीत आमच्याकडे), रोज दुपारी तीन वाजता धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून त्याच्यासमोर बसायचे आणि आईचे फोटो बघायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली. अल्बमला वाळवी लागली तेव्हा जे वाचले ते फोटो मी त्यात भरले होते. दुसरीकडे कुठेही नव्हते. (आळस. दुसरं काय?)

एकेक फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उतरायचा. अण्णा हनुवटीला हात लावून बसलेले, टेबलावर उन्हाचा कवडसा, लांब कुठेतरी देवळातली घंटा. ते बघून मला भरून आलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला किती ताटकळत ठेवायचं?

मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून मी तज्ज्ञ झालो आणि वेग वाढवणारी, जास्त ताकदीची मेमरीची पट्टी घेऊन आलो. छोट्या कंगव्याएवढी, हिरवी, एका कडेला सोनेरी दात.

"अहो, नक्की जमेल ना?" बायकोनं, मीनानं विचारलं. "तुम्ही मिक्सर उघडलात, तेव्हापासून मी पाट्यावर वाटतेय."

"मिक्सर वेगळा. हे शास्त्र आहे!"

रविवारी दोन वाजता मी खोक्याचं झाकण काढलं, जुनी पट्टी उपसून नवीच्या शेजारी ठेवली. व्हिडिओत सांगितलं होतं, अंगातली वीज उतरवायला लोखंडाला हात लावा. म्हणून मी न्हाणीघरातल्या नळाला हात लावून आलो. मन भरेना, पुन्हा गेलो. चांगला पाच मिनिटं नळ धरून उभा होतो.

परत येऊन नवी पट्टी खाचेत दाबली, झाकण लावलं, बटण दाबलं.

टूंऽऽऽ! टूंऽऽऽ!

"काय म्हणतोय रे तो?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा. नव्या पट्टीला नावं ठेवतोय. जुनी घालतो परत."

जुनी घातली. टूंऽऽऽ!

पावणेतीन झाले होते आणि अण्णा शर्टाची बटणं लावत होते.

"ती आहे ना रे आत?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे, आहे! फोटो वेगळ्या डब्यात असतात," मी म्हणालो. (दोन्ही व्हिडिओंत हे नव्हतं.) घाम पुसायला हात वर केला, तर बोटं लाल! "मीना! रक्त!"

मीनानं माझा हात उलटसुलट करून पाहिला. "आणि हे पिवळं काय? तुमचं रक्त हळदीचं आहे का?"

आम्ही दोघांनी अण्णांकडे पाहिलं.

"तू नळाला गेला होतास तेव्हा लावलं," अण्णा म्हणाले. "नवी वस्तू घरात आली की तुझी आई हळदकुंकू लावल्याशिवाय वापरू द्यायची का? फ्रिजला लावलं, स्कूटरला लावलं. चांगलं पाण्यात कालवून लावलंय."

"पण त्या दातांवर?"

"सोन्याची बाजू, म्हणजे तेच तोंड असणार!"

"आणि जुनीला?"

"इतकी वर्षं राबली बिचारी. तिला तसंच घालवायचं?"

चष्मा कपाळावर ठेवून शास्त्र करणाऱ्या मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. मीनानं तिसरा व्हिडिओ शोधला (हे मला सुचायला हवं होतं), खोडरबरानं दात घासले, जुन्या टूथब्रशनं खाच झाडली, सगळं सुकू दिलं. तीन वाजून दहा मिनिटांनी नव्या पट्टीवर संगणक सुरू झाला. आणि काय सुरू झाला! अण्णांनी बोट टेकवलं न टेकवलं, तोच आई समोर हजर! दुसरा फोटो, हजर! पाच मिनिटांत सगळे संपले.

अण्णांनी हनुवटीचा हात काढून मांडीवर ठेवला.

"काय झालं, अण्णा? मस्त पळतोय ना?"

"पळतोय रे. पण आधी तिचा गजरा यायचा. मग कपाळावरचं कुंकू. मग डोळे. हसू यायला आणखी थोडा वेळ. मनमाडच्या क्वार्टरमध्ये ती अशीच तयार व्हायला वेळ लावायची आणि मी ओट्यावर वाट बघत बसायचो." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "आता येते आणि लगेच जाते."

मी उठलो. नळाला हात लावला आणि झाकण काढलं.

नवी पट्टी आता देवघरात आहे, रोज हळदकुंकू मिळतं तिला. जुनीवर आई पहिल्यासारखी सावकाश येते. फोटो तेवढे मी आणखी एका ठिकाणी भरून ठेवले. आणि मीना येईल-जाईल त्याला सांगते, "संगणक हळू करून हवा असेल तर यांच्याकडे द्या. अख्ख्या नाशकात दुसऱ्या कुणाला जमत नाही!"