साठ फूट पाण्याखाली वऱ्हाडी डबा

अचलपूरहून सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर रिकामी पिशवी होती आणि डोक्यात साठ फूट पाणी. मी लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस. माझ्या कॅमेऱ्यासमोर रडली नाही अशी नवरी अजून जिल्ह्यात जन्मायची आहे. दोन-चार नवरदेवही रडवले आहेत. पण तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातून सुमनमावशीचा फोन आला आणि कळलं, पाण्याखाली आपण अगदीच नवशिके.

तो मुलूख खारपाणपट्ट्यातला (जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग). तिथल्या हापशाच्या पाण्यात वरण शिजवलं तर मीठ टाकावं लागत नाही. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, माझ्या आजोबांनी, म्हणजे मावशीच्या वडिलांनी खोदलेली. यंदा तीही खारट झाली. सोमवारच्या ग्रामसभेत ती बुजवायचं ठरणार होतं. मावशीचं म्हणणं, तळाचा गोडा झरा जिवंत आहे, खारं पाणी दुसरीकडून शिरतं. पण तळ पाहणार कोण? तीन पंप लावले तरी पाणी हटेना. विहीर एवढी खोल, की आजोबांनी टाकलेल्या दगडाचा आवाज आईच्या लग्नात ऐकू आला असं आमच्याकडे सांगतात. मीच सांगतो.

अमरावतीत उतरून आधी गिलावडा हाणला. रिकाम्या पोटी कॅमेरा निवडू नये. दुकानदाराने हातभर लांबीचा कॅमेरा पुढे ठेवला आणि म्हणाला, यात मासा डोळे मिचकावताना दिसतो. माशाला पापणीच नसते, असं सांगितल्यावर तो मला जाणकार समजू लागला. मग त्याने पारदर्शक पेटी काढली. तिच्यावर दहा मीटरची मर्यादा लिहिलेली. मी साठ फूट म्हटलं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि पेटी गुपचूप फडताळात ठेवली. खोल पाण्याची पेटी मुंबईहून येणार, आठ दिवसांनी. सोमवार तीन दिवसांवर.

माणूस मात्र सच्चा. त्यानेच सांगितलं, "भाऊ, मोठ्या कॅमेऱ्याच्या नादी लागू नका. खाली अंधार हाय, उजेड पयले पाहा. अन् पाण्यात वायफाय मरते, वायरवालाच घ्या." तळहाताएवढा वायरवाला कॅमेरा घेऊन मी अकोल्याची गाडी पकडली.

अकोल्यात ओळखीचे सलीमचाचा विहिरीत बुडवायच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. चाळीस वर्षं त्यांचं एकच काम, पाण्याला आत येऊ न देणं. त्यांनी कॅमेरा उलटापालटा करून पाहिला आणि मेलेल्या पंपाची जाड स्टीलची नळी कापायला घेतली. पुढे बोटभर जाडीची काच, मागे घट्ट झाकण, दोन्हीकडे रबरी कडी, वायरसाठी पंपाच्या मोटारीचंच बूच. दिवे मी काचेशेजारी बसवायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"धुक्यात गाडीचा लाइट मारून पाह्यला नाई का कधी? उजेड डोळ्याजवळ ठेवला तं निसता गाळच चमकते."

दिवे दोन लांब पट्ट्यांवर बाजूला गेले. दुसऱ्या दिवशी चाचाही माझ्यासोबत निघाले. म्हणाले, डबा माझा आहे, बुडाला तर डोळ्यांदेखत बुडावा.

मावशीकडे रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी. मी सात रोडगे खाल्ले. मावशी तीन म्हणते. माजघरात नुकताच वेचलेला कापूस छतापर्यंत. त्यातलाच मूठभर घेऊन मी रबरी कडी ऐटीत पुसली. वऱ्हाडच्या माणसाने आणखी कशाने पुसावी?

सोमवारी ग्रामसभा विहिरीवरच भरली. कडुनिंबाखाली टीव्ही मांडला. सरपंच दिगंबरराव मिशीत हसत म्हणाले, "लग्नातला फोटोवाला विहिरीले हळद लावाले आला."

मी कॅमेरा सरळ सोडणार होतो. चाचांनी तो काढून घेतला, डब्यात कोरडा कागद घातला आणि आधी रिकामाच डबा तळाला पाठवला. वर आला तो पाव पेला पाणी घेऊन. गर्दी हसली. मावशी हसली नाही.

चाचांनी चष्मा पुसला, कडी उन्हात धरली आणि नखाने कापसाचा एक तंतू उचलून मला दाखवला. "बेटा, याच कापसावर तुह्या मावशीचं घर चालते. अन् याच्याच एका धाग्यानं आज तिची विहीर गेली असती."

एवढं खरं मला आयुष्यात कोणी सुनावलेलं नाही. त्यांनी अंगठ्याने वंगण लावलं. या खेपेस कागद खडखडीत कोरडा. मग कॅमेरा गेला.

टीव्हीवर हिरवं, मग काळं. विहिरीचं दगडी बांधकाम हळूहळू वर सरकत होतं. अर्ध्यावर एका भेगेतून पाणी थरथरत खाली ओघळताना दिसलं, जसा साखरेचा पाक पाण्यात उतरतो. जड, खारं पाणी. भेग कोणत्या बाजूची, ते कोणी विचारलं नाही. त्या बाजूला सरपंचांचीच बंद पडलेली बोअर आहे, जमिनीखालचं खारं पाणी तिच्यातूनच वर चढून विहिरीत झिरपत होतं. तळाशी उजेड पोचला आणि वाळू दिसली. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी, खालच्या झऱ्याच्या जोराने उसळणारी.

मावशी टीव्हीपर्यंत चालत गेली. "पाह्य दिगंबर, नाचून राह्यली. माह्या बापाची विहीर मेली नाई."

सरपंचांनी मान वळवून आपल्या बोअरकडे पाहिलं. मग म्हणाले, "बोअर बुजवा."

परतीच्या एसटीत शेजारच्या काकांनी नळीकडे पाहून विचारलं, बंदूक आहे का. मी चित्रण दाखवलं. मुंबईची पेटी नाही, अकोल्याचा पंप, हेही सांगितलं. काकांनी ती वाळू पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांना अकोटला उतरायचं होतं. ते पाहता पाहता पुढे अंजनगावला उतरले. उतरताना मला शिव्या द्यायच्या, तर म्हणाले, "आमच्याही विहिरीत पाहून देजा एकदा."

मी एवढे मुलूख पाहिले, निदान सांगतो तरी तसं. पण ज्या पाण्यावर आपण वाढलो ते उगवतं कुठून, हे पाहणारा आमच्या घराण्यातला मी पहिला. यात काही वाढवून सांगायची गरजच पडली नाही.