गोल सोडायचा कसा

आखातातल्या लढाईच्या वर्षी सौदीत, जेद्द्यातले आमचे बरेच लोक इराकच्या क्षेपणास्त्राला घाबरून होते. मी माझ्या जावेला घाबरून होते. क्षेपणास्त्र एकदा पडतं आणि संपतं. जाऊ रोज असते. रत्नागिरीच्या घरी मी तिच्याबरोबर एका चुलीवर दिवस काढले होते, आणि नवऱ्याचा इकामा रद्द झाला असता तर परत त्याच चुलीपुढे बसायचं होतं. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, हातात असतो. मालक खलास म्हणाला की माणूस विमानात.

माझा नवरा बर्फाच्या मैदानावर कामाला होता. हे सांगितलं की गावात लोक हसायचे. बाहेर कातडी सोलणारं ऊन, आणि आत मोठ्या शेडमध्ये जमिनीवर गोठवलेला बर्फ. त्यावर लोक पात्यांचे बूट घालून घसरायचे. बर्फ गोठवणारी मशीन आणि तो खरवडून गुळगुळीत करणारी गाडी, दोन्ही माझ्या नवऱ्याकडे. त्यापूर्वी त्याने बर्फ पाहिला होता तो हर्णैच्या बंदरावर, सुरमईवर घातलेला. आठवड्यातला एक दिवस बायकांचा असायचा. त्या दिवशी पुरुष बाहेर, आणि बूट वाटायला मी.

तिथे बर्फावरची हॉकी शिकवायला एक कॅनडावाला होता. दाराच्या चौकटीत मावणार नाही एवढा माणूस. नाक दोन ठिकाणी वाकडं, पुढचे दात खोटे. आमच्याकडेच जेवायचा, तेव्हा ते दात काढून पाण्याच्या ग्लासात ठेवायचा आणि तांदळाची भाकरी कालवणात बुडवून हिरड्यांनी खायचा. माझी मुलगी ग्लासाकडे बघत उपाशी उठायची. हिंदी तो माझ्या नवऱ्याकडून शिकला होता, त्यामुळे त्याची हिंदी आमच्यासारखीच होती.

तिकडे तो पगारावर खेळायचा. मोठा खेळाडू नव्हता, हे तो स्वतःच सांगायचा. त्याचं काम गोल करायचं नव्हतं, दुसऱ्याला करू द्यायचा नाही, एवढंच. समोरून येणाऱ्याला अंगाने अडवायचं, चेंडूऐवजी असते ती कडक रबराची चकती आली तर आडवं पडायचं. अशा माणसाला कोणी हार घालत नाही. एका संघाचं त्याच्यावाचून अडायचं नाही, म्हणून ते त्याला दुसऱ्याला देऊन टाकायचे. दुसऱ्याने तिसऱ्याला दिलं. सकाळी उठून आंघोळ करत असताना फोन यायचा, की तू आता अमक्या गावचा.

"तुला विचारत नव्हते?" मी विचारलं.

"कौन पूछेगा, भाभी? मालिक मालिक से बात करता."

"म्हणजे कफीलच," नवरा खूश होऊन म्हणाला. आपल्यावर जे होतं ते गोऱ्यावरही होतं, याचं त्याला फार बरं वाटलं.

एकदा तर त्याला बर्फ खरवडायच्या जुन्या गाडीच्या बदल्यात देऊन टाकलं होतं. हे सांगताना कॅनडावाल्याचा आवाज जरा बारीक झाला. माझ्या नवऱ्याने विचारलं, "कौनसी कंपनी की गाडी?"

जानेवारीत लढाई पेटली आणि मैदानावर येणारे लोक थांबले. जेद्दा तसं लांब होतं, पण माणसं खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून घरात बसली. कॅनडावाल्याच्या वकिलातीने त्यांच्या लोकांना निघा म्हणून सांगितलं होतं. तो निघाला नाही. म्हणाला, तिकडे मला घेणारा कोणी नाही. एक दिवस जेवून जाताना त्याने माझ्या नवऱ्याला गोलरक्षकाचा जाळीचा मुखवटा दिला, विषारी वायू आला तर घाल म्हणून. नवरा तो घालून आरशापुढे उभा राहिला.

"हवा आत येते त्यातून," मी म्हटलं.

"पण दगड लागणार नाय."

"इराकवाला दगड मारणार हाय काय?"

त्याच सुमारास कफीलने ठरवलं, मैदान बंद. एक कोंबडीचा व्यापारी त्याच्या मागे लागला होता. लढाईमुळे गोठवलेला माल ठेवायला जागा मिळत नव्हती, आणि ही शेड आयतीच थंड. व्यापारी स्वतःची माणसं आणणार होता. म्हणजे नवरा, कॅनडावाला आणि मी, तिघेही बिनकामाचे.

मैदान राहावं असं वाटणारा एकच वजनदार माणूस होता, कफीलचा मुलगा. अमेरिकेत शिकून आला होता आणि स्वतःला मोठा खेळाडू समजत होता. मनाने चांगला, पण बर्फावर उभा राहिला की ओल्या फरशीवरच्या म्हशीसारखा दिसायचा. त्याने बापापुढे हट्ट धरला. बाप म्हणाला, ठीक आहे, तू तिथे काय करतोस ते मी एकदा बघतो, मग ठरवतो. सामना ठरला. एका बाजूला मुलगा आणि त्याचे दोस्त, दुसऱ्या बाजूला कॅनडावाला आणि अजून पळून न गेलेले चार-पाच गोरे.

कॅनडावाला जेवायला होता तेव्हा मुलगा स्वतः आमच्या घरी आला आणि त्याला म्हणाला, बापासमोर मला एक गोल करू दे. बाकी काही नको.

कॅनडावाला म्हणाला, "हो जाएगा."

नवऱ्याला भरवसा वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तालीम घेतली. स्वतः बूट घालून, कठडा धरत धरत, काठीने चकती ढकलत तो कॅनडावाल्यावर चालून गेला. कॅनडावाला बाजूला उभा राहिला. चकती गोलच्या जाळ्याकडे निघाली, आणि हा दाणकन आडवा पडला.

"अरे छोड ना!"

"सॉरी. फिरसे."

परत आडवा. नवऱ्याने त्याला दुसरीकडे तोंड करून उभं केलं. पात्यांचा आवाज ऐकून तो उलटा वळला आणि नवऱ्याला कठड्यावर चेपला. मी बूट पुसत होते. म्हटलं, "याला खांबाला बांधा."

"हात-पाय मेरा नहीं सुनता, भाभी," तो म्हणाला. जन्मभर ज्याला अडवायचेच पैसे मिळाले, त्याला सोड म्हणून सांगितल्यावर जमेना. मला ते पटलं. पण माझ्या डोळ्यापुढे जाऊ होती, म्हणून मी त्याला जमलंच पाहिजे असं बजावलं.

सामन्याच्या दिवशी कफील आला, त्याचे पाहुणे आले, कोंबडीवालाही आला. काठाला गालिचे घालून खुर्च्या मांडल्या होत्या. पुरुषांचा दिवस, म्हणून मी मशीनच्या खोलीत काचेमागे. त्याआधी कॅनडावाला नेहमीप्रमाणे दात काढून ग्लासात ठेवत होता. खेळताना तो कधीच दात घालत नसे. मी त्याला ओरडले, "मोठी माणसं आली आहेत. बोळक्या तोंडाने जायचं नाही. घाल ते." गरीब माणूस, घातले. आमच्यात पाहुण्यांपुढे असं जात नाहीत, आणि मी अजूनही म्हणते, मी बरोबर होते.

सुरुवात छान झाली. कॅनडावाला लांब लांब राहिला. दोनदा मुलगा चकती घेऊन निघाला आणि दोनदा आपल्याच पायात अडकून पडला. त्याला कोणी अडवायची गरजच नव्हती. तिसऱ्यांदा मात्र तो खरंच जाळ्यासमोर पोचला. गोलरक्षक शहाणा, बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. जाळं मोकळं. मुलाने काठी उचलून मारली. काच असूनही मी "नको, नको" म्हणून ओरडले, कारण कॅनडावाला निघालेला मला दिसला होता. तो मैदानाच्या मधून हवेतून आल्यासारखा आला आणि आडवा पडला. चकती त्याच्या तोंडावर बसली. दात बाहेर उडाले आणि बर्फावरून सरपटत चालले.

चकती एकीकडे गेली, दात दुसरीकडे. मुलाला पुढे काहीतरी सरकताना दिसलं. त्याने जीव खाऊन काठी मारली आणि दात जाळ्यात घातले. दोन्ही हात वर केले. दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. कफील उठला, कोणाचा तरी हात धरून बर्फावरून जाळ्यापर्यंत गेला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खलास," तो म्हणाला.

मी तिथल्या तिथे मनात ट्रंक भरायला घेतली. कुठली पातेली न्यायची तेही ठरवलं.

पण कोंबडीवाला हसून हसून खुर्चीवरून घसरला होता. डोळे पुसत त्याने कफीलला विचारलं, हा तोंडाने अडवणारा कोण? त्याच्या सगळ्या गोदामांतून माल चोरीला जात होता, दारावर कोणी टिकत नव्हतं. हा मला दे, तो म्हणाला. कफील म्हणाला, घेऊन जा. मालक मालकाशी बोलला.

कॅनडावाला रक्त थुंकत उठला. त्याच्या व्यवहाराचं बोलणं पहिल्यांदाच त्याच्यासमोर चाललं होतं, आणि त्याने ती संधी सोडली नाही. माझ्या नवऱ्याला बखोटीला धरून पुढे आणलं आणि बिनदाताच्या तोंडाने म्हणाला, "अकेला नहीं. ये साथ में." व्यापाऱ्याने नवऱ्याला वरून खालपर्यंत पाहिलं. हा काय करतो? बर्फ करतो. यल्ला, म्हणजे चला, हाही चालेल.

पंधरवड्यात नवऱ्याचा इकामा बदलून आला. मैदानावर कोंबड्यांची खोकी छतापर्यंत रचली गेली. कॅनडावाला दारावर उभा राहिला. हुकूम एकच, चिठ्ठीशिवाय कोणाला सोडायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात नवरा दुपारी पांढरा पडून घरी आला. "ट्रंक काढ."

"का? काय झाला?"

"नवा मालक आला होता. चिठ्ठी नव्हती. त्याने नाय सोडला."

"मालकालाच?"

"दोनदा आत शिरायला गेला. दोनदा उचलून बाहेर ठेवलान."

मी ट्रंक काढली नाही. आधी खिचडी टाकली, कारण उपाशी पोटी सामान बांधायचं मला जमत नाही. संध्याकाळी दार वाजलं. मालकाचा ड्रायव्हर होता, दोन्ही हातांत कोंबडीची खोकी. मालक फार खूश आहेत, म्हणाला, आणि हे दर आठवड्याला येणार.

लढाई संपली, आम्ही तिथेच राहिलो, आणि खोकी येतच राहिली. माझ्या घरात आज गोठवलेली कोंबडी कोणी तोंडात घालत नाही.