तिनं काही लपवलं नाही

माझे यजमान जंगल खात्यात कारकून होते. त्यांची नवापूरला बदली झाली तेव्हा प्रकाशा गावाजवळचं आमचं खेडं सोडून आम्ही तिकडं राहायला गेलो. सासूबाई बरोबर होत्या. तापीकाठच्या मोकळ्या शेतांत वाढलेल्या आम्हा दोघींना ते गाव सुरुवातीला अंगावर आल्यासारखं वाटायचं. घराबाहेर पडलं की सागाच्या लाकडांचे ढीग आणि त्यांचा तो ओला, तुरट वास. बाजारात आलेल्या बायका मावची बोलीत बोलायच्या, त्यातलं आम्हाला अक्षर कळायचं नाही.

आमच्या परसाला लागून मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचं घर होतं. मध्ये नुसतं मेंदीचं कुंपण. मास्तरांच्या बायकोला सगळं गाव मास्तरीणबाई म्हणायचं. ती मूळची डोंगराकडच्या एका पाड्यावरची. ती लहान असतानाच तिची आई ख्रिस्ती झाली आणि तिला मिशनच्या वसतिगृहात घालून गेली. तिथं ती लिहायला, वाचायला आणि शिवायला शिकली. थोरला भाऊ मात्र आपल्या जुन्या देवांजवळच राहिला. मास्तरीणबाईला मूलबाळ नव्हतं. दुपारी ओसरीवर बसून ती मुलींना शिवण शिकवायची.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "बोल, बस, पन त्यासना घरनं पानी पेवानं नही."

मी ते पाळलं. कुंपणावरून बोलणं व्हायचं, तेवढंच.

पुढं माझी दुसरी मुलगी बारशाआधीच गेली. गावातल्या बायका भेटायला आल्या. कुणी माझ्या नशिबाला बोल लावला, कुणी पुढचा मुलगाच होईल म्हणाली. मास्तरीणबाई आली ती हातात शिवण घेऊन. माझ्याजवळ बसली आणि मुकाट्यानं टाके घालत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिनं देवाचं नाव काढलं नाही, की रडू नका म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सासूबाई दारातून बघत होत्या. तेव्हापासून आमची मैत्री.

चिंचा फोडायचे दिवस होते. परसात आम्ही दोघी चिंचोके काढत बसलो होतो. हात न थांबवता ती म्हणाली, "वैनी, मला इथं गाठ झाली आहे." आणि तिनं छातीवर बोट ठेवलं.

मी आधी इकडंतिकडं बघितलं. असलं काही मोठ्यानं बोलायचं नसतं असं आम्हाला लहानपणापासून माहीत. मी हळूच म्हणाले, "जाईल आपोआप. हळद लावून बघा."

"लावली. नाही गेली. मोठी होते आहे." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "भीती वाटते हो मला. रात्री मास्तर झोपले की मी देवाला तेच सांगते. मला भीती वाटते, एवढंच."

त्या वेळी मिशनच्या दवाखान्यात एक गोऱ्या डॉक्टरीणबाई ठरल्या वारी येत. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, कापून काढावं लागेल, तेही इथं नाही, गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात. उशीर आधीच झालाय, हेही त्यांनी लपवलं नाही. मास्तर घरी येऊन खाटेवर बसले ते उठेनात. तीच चूल पेटवायला गेली.

ती दवाखान्यासाठी निघाली त्या सकाळी मी यजमानांना विचारून स्टेशनावर गेले होते. गाडी यायला अवकाश होता. फलाटावर मिशनची चार माणसं उभी होती, मास्तर ट्रंकेवर बसले होते. तिनं डोळे मिटले आणि मावचीत बोलू लागली. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं, मध्येच थांबून, मध्येच हसून. तिची प्रार्थना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी विचारलं, "मराठीत नाही का करत?"

"मराठी शाळेत शिकले. त्याच्याशी मराठीत बोलले की परक्या माणसापुढं उभं राहिल्यासारखं होतं. ही माझ्या आईची भाषा."

ती परत आली तेव्हा बरीच वाळली होती. एक बाजू सपाट, त्या बाजूचा हात वर होत नव्हता. पण महिन्याभरात ती रंगावली नदीवर धुणं घेऊन यायला लागली. एका हातानं आपटायची. बायका तिच्याकडं चोरून बघायच्या आणि आपसात कुजबुजायच्या. एके दिवशी तिनं पिळा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बायांनो, कुजबुजू नका, विचारा. माझ्या छातीत गाठ झाली होती. डॉक्टरनं ती छातीसकट कापून काढली. दुखलं फार. मी लाजले म्हणून उशीर झाला. तुमच्यात कुणाला असं काही असेल तर माझ्यासारखं करू नका. दवाखान्यात चला, मी येते बरोबर."

घाटावर सगळे हात थांबले. एक म्हातारी पदर तोंडाला लावून उठूनच गेली. सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला. घरी येताना म्हणाल्या, "लाज नही का वं या बाईले? आख्खं गाव आयकी ऱ्हायनं."

मला वाटलं, आता कुंपणावरचं बोलणंही बंद होणार. झालं वेगळंच. पुढं काही दिवसांनी, यजमान फेरीला गेले असताना, सासूबाई माझ्यासमोर धान्य निवडायला बसल्या. निवडता निवडता खाली मान घालून म्हणाल्या, "माले बी शे काहीतरी. बराच साल व्हयनात. कोनले सांगू?"

माझ्या यजमानांच्या पाठच्या बाळंतपणापासून त्यांचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर येत होतं. तशातच त्यांनी शेतात खुरपलं, डोक्यावरून पाणी आणलं, सुना आणल्या. सासरे गेले ते हे माहीत नसतानाच गेले. एकाच घरात राहून मलाही कधी कळलं नव्हतं. त्या उठताना भिंतीचा आधार घेतात, ते वयामुळं असंच मी धरून चालले होते.

मी मास्तरीणबाईला बोलावलं. ती आली आणि पहिल्यांदाच सासूबाईंजवळ जाऊन बसली. त्यांचा हात धरून म्हणाली, "माय, यात पाप नाही काही. शरीर आहे, थकतं. डॉक्टरीण बाईमाणूसच आहे. मी आत तुमच्याजवळ उभी राहते."

सासूबाई म्हणाल्या, "मी येस तुन्हासंगे. पन तू माले सोडीसन जाऊ नको."

ती गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी अंग आत सारून तिथं आधाराला एक रबरी कडी बसवून दिली, आणि आमच्या सासूबाई कित्येक वर्षांनी ताठ चालत घरी आल्या. वाटेत त्यांना धाप लागली म्हणून मास्तरीणबाईच्या ओसरीवर टेकल्या. तिनं तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापासून जरा लांब ठेवला, पुढं केला नाही. सासूबाईंनी तांब्याकडं बघितलं, उचलला आणि घटाघटा प्याल्या.

त्यानंतर बायका तिच्याकडं येऊ लागल्या. मागच्या दारानं, भाजीच्या निमित्तानं, शिवणाच्या निमित्तानं. वाण्याच्या घरची सून आली, वखारीवर लाकूड वाहणाऱ्या बायका आल्या. ती सगळ्यांना घेऊन जायची. कुणाला आमच्या देवाला मान, असं तिनं कधी म्हटलं नाही. मात्र दवाखान्याच्या पायरीवर थांबून ती प्रत्येकीसाठी प्रार्थना करायची, आणि कुणी नको म्हटल्याचं मला आठवत नाही.

वर्ष सव्वा वर्ष असं गेलं. मग तिचा हात सुजू लागला. पाठ दुखायला लागली, मग खोकला. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की आता कापण्यासारखं काही राहिलेलं नाही. ती घरी आली आणि मला म्हणाली, "वैनी, ते परत आलं."

मी म्हणाले, "तुम्ही देवाकडं बरं वाटावं म्हणून मागता ना?"

"मागते की. रोज मागते. त्याच्यापुढं कसली लाज? मागून झालं की त्याला म्हणते, तू दिलं नाहीस तरी मी इथंच आहे. रुसून कुठं जाणार नाही."

असं असलं तरी सगळे दिवस सारखे नव्हते. एका दुपारी मी गेले तर ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "आज बोलू नका. आज मला त्याच्याशीसुद्धा बोलावंसं वाटत नाही. नुसत्या बसा." मी बसले. संध्याकाळी मास्तर तिला त्यांचं शास्त्र, बायबल, वाचून दाखवू लागले आणि मध्येच थांबले. त्यांना पुढं वाचता येईना. तेव्हा तिनं तोंड इकडं वळवलं आणि राहिलेला भाग तोंडपाठ म्हणून दाखवला, अगदी हळू, त्यांची समजूत काढावी तसा. वाचून कुणी कुणाला धीर द्यायचा होता, हे त्या घरात असंच उलटंपालटं व्हायचं.

होळीच्या थोडं आधी तिचा भाऊ डोंगरातून आला. चालत आला होता. हातात कोंबडा, कमरेला तांदळाची पुरचुंडी. त्यांच्या पाड्यावरच्या भगतानं सांगितलेला विधी करायचा, म्हणजे बहीण बरी होईल, अशी त्याची खात्री होती. मास्तर गोंधळले. मिशनमध्ये कळलं तर काय म्हणतील, आणि भावाला नाही तरी कसं म्हणायचं. ती उठून बसली. भावाला जवळ बोलावून बराच वेळ मावचीत बोलली. तो मान हलवत राहिला, मग रडला, मग कोंबडा सोडून देऊन दारात बसून राहिला.

मी नंतर विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"म्हटलं, तू माझ्यासाठी एवढे डोंगर उतरून आलास, ते माझ्या देवानं बघितलं. दुसरं काही करू नकोस. आणि म्हटलं, मी मरायला भीत नाही आता. तो विचारत होता, खरंच का? म्हटलं, तू राहा आणि बघ."

तो राहिला. शेवटपर्यंत राहिला. पाणी आणायचा, लाकडं फोडायचा, तिला उचलून उन्हात बसवायचा.

शेवटच्या दिवसांत तिला अन्न जाईना. सासूबाई रोज वाटीत दूध घेऊन कुंपणापलीकडं जायच्या. "दूध पी वं माय. मन्हा हातनं पी." ती दोन घोट घ्यायची. एकदा म्हणाली, "माय, काहीतरी गा. कालपासून सगळे माझ्यापुढं नुसते गप्प बसतात."

सासूबाई म्हणाल्या, त्यांना कानबाईची गाणी तेवढी येतात. ती हसली. "तीच म्हणा. तुमचा आवाज ऐकायचाय." आणि मिशनच्या त्या घरात, जिथं भिंतीवर फक्त एक लाकडी क्रूस होता, आमच्या सासूबाईंनी आपल्या खानदेशी देवीचं गाणं म्हटलं. मास्तर बाहेर ओसरीवर ऐकत उभे होते. गाणं संपेपर्यंत तिनं सासूबाईंचा हात सोडला नाही.

ती भर दुपारी गेली. मास्तर, सासूबाई आणि मी जवळ होतो, भाऊ उशाशी. बोलणं आधीच बंद झालं होतं, ओठ मात्र हलत होते. भाऊ वाकून ऐकत होता. मग त्यानं मला मोडक्या मराठीत सांगितलं, "कोणाशी तरी बोलते. भीत नाही."

आमच्यात बायका मातीला जात नाहीत. मी दारात घुटमळत होते. सासूबाई म्हणाल्या, "जाय. मी घर देखस." मी गेले. ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत खड्डा भावानंच खणला होता. पाळक बोलले, शाळेच्या मुलींनी गीत म्हटलं. नदीवरच्या किती तरी बायका कुंपणाबाहेर उभ्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींना प्रभूचं नाव नीट उच्चारताही येत नव्हतं. मीही ख्रिस्ती झाले नाही, आजही आमच्या घरी कानबाई बसते. पण देवाशी खरं बोलायचं, भीती वाटते तर भीती वाटते म्हणायचं, हे मी तिच्याकडं शिकले.

तिला जाऊन दोन महिने झाले असतील. विसरवाडीकडून एक बाई बैलगाडीनं आली. परसाच्या दाराशी उभी राहून तिनं विचारलं, बायांच्या दुखण्याचं उघड बोलते ती मास्तरीण कुठं राहते. मी सांगितलं, ती वारली. बाई मटकन खाली बसली. पदराचं टोक नुसतं पिळत राहिली.

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, "मला सांग, काय होतंय."

तिनं सांगितलं. मी सासूबाईंना हाक मारून सांगितलं, जाऊन येते, आणि तिला घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागले.