डाव्या टोकाच्या गाड्या

शाळेच्या बसवर त्यांना सगळे इंचपट्टी म्हणायचे. त्यांनी बस थांबवली की पायरी आणि फुटपाथ यांच्यात बरोबर चार बोटं जागा राहायची. कमी नाही, जास्त नाही.

घरी तीच तऱ्हा. काचेच्या कपाटात जुन्या जमान्यातल्या मोटारींच्या धातूच्या प्रतिकृती होत्या, तळहातावर मावतील एवढ्या, एकशे बारा. आधी ते एका वकिलांची गाडी चालवायचे. वकिलांनी ती मोडीत काढली, तेव्हा हुबेहूब तशीच, दारं उघडणारी छोटी काळी गाडी ते दुकानातून घेऊन आले. त्या दिवशी जेवलेच नाहीत. "मोठी गाडी नेहमी दुसऱ्याची," म्हणाले, "ही तरी माझी." बायको चिडवायची, "एक सवत परवडली असती. या एकशे बारा."

दर रविवारी ते मऊ ब्रशने एकेक गाडी झाडायचे आणि पट्टी लावून सगळे बंपर एका रेषेत आणायचे. दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती.

त्या सोमवारी सकाळी केर काढताना बायकोला कपाटाचं दार अर्धवट लागलेलं दिसलं. ते लावायला गेली, तर डाव्या टोकाची निळी गाडी तिच्या हातातच पडली. तिची दोन चाकं फळीबाहेर होती. गाडीवर धुळीचा थर.

कालच तर झाडल्या होत्या.

तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. पाचही फळ्यांवर उजवीकडच्या गाड्या रेषेत, लखलखीत. डावीकडच्या वेड्यावाकड्या, मळलेल्या. परवा त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला, तर म्हणाले, "चौकट फुगलीय." तीही हसली होती.

बसचं दार डावीकडे होतं. मुलं डावीकडून उतरत.

बस काढायला वीस मिनिटं होती. ते टेबलाशी चहा घेत समोर भिंतीकडे बघत बसले होते, गणवेश चढवून, किल्ली खिशात. बायकोने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, त्यांच्या डाव्या अंगाला बसली आणि निळी गाडी टेबलाच्या कडेला ठेवली.

"धाकट्या वन्संचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणते?"

"येईन म्हणाल्या." तिने गाडी वीतभर पुढे सरकवली.

"येईन येईन म्हणत दोन वर्षं झाली. तिच्या बोलण्यावर घड्याळ लावू नकोस."

आणखी वीतभर. त्यांची नजर समोरच. ती मनात म्हणत होती, दिसू दे, आत्ता म्हणू देत, हात कुणी लावला म्हणून. ओरडू देत. गाडी बशीला लागून किणकिणली, तेव्हा ते दचकले.

"ही कधी आणलीस?"

त्यांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग कपाटाकडे.

"बसमध्ये मान वळवून बघतो मी," ते हळूच म्हणाले. "प्रत्येक थांब्यावर. दोनदा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"दोन महिने. जाईल आपोआप, म्हटलं."

"आणि एखाद्या दिवशी मान वळवायची राहिली तर? आत्ता राहिली की नाही? मी इथे बसलेय, एवढी मोठी."

ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली. ती दारात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, अशी वाट तिने कधी अडवली नव्हती.

"बाजूला हो. उशीर होतोय."

"व्हायचं नाही."

ते तसेच उभे राहिले. खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. मग त्यांनी टोपी परत खुंटीला अडकवली आणि फोन उचलला.

"बदली ड्रायव्हर पाठवा," ते शाळेच्या माणसाला म्हणाले. "नाही, ताप नाही. डोळ्याचं आहे. किल्ली बायको आणून देईल." थोडं थांबून म्हणाले, "आणि त्याला सांगा, तिसऱ्या थांब्यावरची धाकटी पायरीवरून उडी मारते. तिच्याकडे लक्ष ठेव म्हणावं."

फोन ठेवून त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. निळी गाडी उचलली, शर्टाला पुसली, कपाटाशी गेले आणि चाचपडत फळीवर ठेवली.

"आली का रेषेत?"

ती जवळ गेली. "नाही. बोटभर मागे घ्या."